साम्य कोणाचे – रुग्णांचे की नोंदींचे?

हजेरीपत्रक हे शिक्षकांच्या रोजच्या वापरातले साधन. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात मात्र ते जरा वेगळ्या नजरेने वाचावे लागते. दिवाळीच्या आसपास काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग सुरू होते आणि ती गुढीपाडव्याच्या सुमारास थांबते. मुलाचे आईवडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेले असतात आणि मूलही त्यांच्याबरोबर गेलेले असते. आता समजा, परगावच्या एखाद्या कार्यालयात बसून कोणी या पत्रकातल्या दोन मुलांची तुलना केली. एक मूल पाच महिने उसाच्या फडावर होते, दुसरे पाच महिने आजारपणाने अंथरुणाला खिळून होते. दोघांच्या ओळी शेजारी शेजारी ठेवल्या तर त्या हुबेहूब सारख्या दिसतील. गणित बरोबर, निष्कर्ष मात्र चूक! शिक्षकाला हे चटकन कळते, कारण त्याला मुले ठाऊक असतात. कागदाला फक्त खुणा ठाऊक असतात.

हे उदाहरण आधी सांगण्याचे कारण असे की, आज ज्या शास्त्राचा परामर्श आम्ही घेणार आहोत त्याची सारी ताकद आणि सारी दुबळी बाजू या एका पत्रकात दिसते. ते शास्त्र म्हणजे दोन रुग्णांच्या वैद्यकीय इतिहासांमध्ये, म्हणजे वर्षानुवर्षांच्या तक्रारी, तपासण्या, निदाने, औषधे व शस्त्रक्रिया यांच्या मालिकांमध्ये किती साम्य आहे हे संगणकाने मोजण्याचे शास्त्र. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्याची झपाट्याने वाढ झाली आहे. आपल्याकडे २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. प्रत्येकाच्या चौदा आकडी आभा क्रमांकाशी त्याच्या आरोग्याच्या नोंदी जोडाव्यात, अशी ती योजना आहे. नोंदी एकत्र आल्या की त्यांची तुलना होणार हे उघड आहे. म्हणून ही तुलना नेमकी कशी होते आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे शिक्षकांनी व मोठ्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यायला हवे.

'असाच एक रुग्ण पूर्वी पाहिला होता'

अनुभवी डॉक्टर नवा रुग्ण पाहताना मनातल्या मनात जुने रुग्ण आठवत असतो. 'असाच एक रुग्ण पूर्वी पाहिला होता, त्याला पुढे अमुक झाले,' असा विचार त्याच्या सल्ल्यामागे असतो. पण एका माणसाच्या आठवणीला मर्यादा आहेत. संगणकाने हीच आठवण हजारो रुग्णांपर्यंत वाढवली तर?

असा एक प्रयोग २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयात ल्यूपस या विकाराने आजारी असलेली तेरा वर्षांची मुलगी दाखल झाली. तिच्या रक्तात गुठळी होण्याचा धोका होता. गुठळी होऊ नये म्हणून औषध द्यावे, तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. नेमक्या अशा रुग्णांविषयी प्रसिद्ध संशोधन हाताशी नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी रुग्णालयाच्या संगणकातल्या ९८ ल्यूपसग्रस्त मुलांच्या नोंदी चाळल्या. त्यांतल्या १० मुलांना गुठळी झाली होती आणि या मुलीत होती तशी लक्षणे असलेल्यांत ते प्रमाण जास्त होते. डॉक्टरांनी औषध सुरू केले. मुलीला गुठळी झाली नाही, औषधाचा त्रासही झाला नाही. अर्थात एका रुग्णावरून पद्धत सिद्ध होत नाही आणि त्या डॉक्टरांनीही तसा दावा केला नव्हता. पण साम्य शोधण्याचा उपयोग काय, हे यावरून ध्यानात येते.

तीन मोजपट्ट्या

साम्य मोजायचे कसे? दिंद्रुडच्या काही काल्पनिक स्त्रियांचे इतिहास अक्षरांत लिहून पाहू. 'ब' म्हणजे बाळंतपण, 'न' म्हणजे नसबंदीची शस्त्रक्रिया, 'प' म्हणजे अंगावर पांढरे जाण्याची तक्रार, 'त' म्हणजे आतून तपासणी, 'औ' म्हणजे औषधोपचार आणि 'ग' म्हणजे गर्भाशय काढणे. गावच्या भाषेत याला 'पिशवी काढणे' म्हणतात.

पहिली : ब ब न प ग
दुसरी : ब ब न प त औ
तिसरी : ब ब न प त औ ग
चौथी : ब ब न प त

सर्वांत सोपी मोजपट्टी पॉल झाकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाची. आल्प्स पर्वतातल्या निरनिराळ्या भागांतल्या वनस्पतींची तुलना करण्यासाठी त्याने १९०१ च्या सुमारास ती वापरली. दोन्ही याद्यांत सामाईक असलेल्या प्रकारांच्या संख्येला एकूण प्रकारांच्या संख्येने भागायचे. पहिली आणि दुसरी यांच्यात ब, न, प हे तीन प्रकार सामाईक आहेत आणि दोघींचे मिळून एकूण प्रकार सहा. म्हणून साम्य ३/६, म्हणजे ०.५. हिशेब सोपा, पण त्यात क्रमाला जागा नाही. आधी गोळी घेतली आणि मग अंगावर पुरळ उठले, हा एक इतिहास. आधी पुरळ उठले आणि मग गोळी घेतली, हा दुसरा. पहिल्यात गोळी हे पुरळाचे कारण असू शकते, दुसऱ्यात ती उपाय आहे. झाकारची पट्टी दोहोंचे साम्य पूर्ण १ दाखवते.

क्रम जपणारी पट्टी व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडली. एका मालिकेचे रूपांतर दुसऱ्या मालिकेत करण्यासाठी किमान किती अक्षरे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, ती संख्या म्हणजे दोन मालिकांमधले अंतर. शब्दांतल्या शुद्धलेखनाच्या चुका संगणक याच तत्त्वावर शोधतो. 'पहिली' पासून 'दुसरी' पर्यंत जायला 'ग' च्या जागी 'त' घालावा लागतो आणि शेवटी 'औ' जोडावा लागतो. म्हणून अंतर २. आता 'दुसरी' आणि 'तिसरी' पाहा. एक 'ग' जोडला की झाले, अंतर १. 'दुसरी' आणि 'चौथी' यांच्यातही अंतर १ च आहे, कारण 'चौथी'च्या कागदावर एक 'औ' नाही. म्हणजे या पट्टीच्या लेखी एका औषधाची नोंद राहून जाणे आणि एका स्त्रीचे गर्भाशय काढले जाणे या सारख्याच गोष्टी!

यावर जाणकार म्हणतील की प्रत्येक बदलाला वेगळे वजन देता येते. हे खरे आहे. पण वजन ठरवणार कोण? विमा कंपनी खर्चावरून वजन ठरवील, शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेच्या जोखमीवरून ठरवील आणि जिच्या शरीरावर ती झाली ती स्त्री आणखी वेगळे वजन सांगेल. सूत्र कोणतेही वजन मुकाट्याने स्वीकारते. उत्तर दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत येते म्हणून ते निःपक्षपाती ठरत नाही.

तिसरी पट्टी काळाची आहे. वरच्या दोन्ही पट्ट्यांत दोन घटनांमध्ये किती दिवस गेले याचा पत्ताच नाही. उच्चार ओळखण्याच्या संशोधनात हीच अडचण वेगळ्या रूपात आली होती. कोणी 'आई' हा शब्द झटकन म्हणतो, कोणी 'आऽऽई' असा लांबवतो, तरी शब्द एकच. जपानच्या साकोए आणि चिबा यांनी १९७८ मध्ये यावरचा प्रभावी मार्ग मांडला. एका आलेखाचा काळ रबरासारखा ताणून किंवा आवळून तो दुसऱ्या आलेखावर शक्य तितका बसवायचा आणि मग उरलेला फरक मोजायचा. तापाच्या आलेखाला ही युक्ती छान लागू पडते. एकाचा ताप सात दिवसांत उतरला, दुसऱ्याचा बारा दिवसांत, पण चढउताराची तऱ्हा एकच, हे ती बरोबर ओळखते.

पण काळ ताणून चालेल का, हे प्रश्नावर अवलंबून असते. एका स्त्रीने तक्रार सांगितल्यावर चौथ्या दिवशी तिचे गर्भाशय काढले. दुसरीचे तपासण्या आणि औषधोपचार यांत चार वर्षे गेल्यावर, दुसरा इलाजच उरला नाही म्हणून काढले. रबर ताणले की दोघी एकमेकींवर चपखल बसू लागतात. इथे मात्र मधला काळ हाच खरा पुरावा होता आणि पट्टीने नेमका तोच पुसून टाकला.

अलीकडच्या पद्धती याहून कितीतरी गुंतागुंतीच्या आहेत. त्या प्रत्येक रुग्णाचा इतिहास शेकडो मितींच्या अवकाशातला एक बिंदू मानतात आणि बिंदूंमधली अंतरे मोजतात. वजने माणूस ठरवत नाही, लाखो नोंदींवरून यंत्र ती स्वतः शिकते. पण शिकते ते नोंदींवरूनच. त्यामुळे पुढचा आक्षेप त्यांनाही तितकाच लागू आहे.

डेन्मार्कचे काम

या क्षेत्रातले एक मोठे आणि उत्तम काम डेन्मार्कमध्ये झाले. जेन्सन, ब्रुनाक व सहकाऱ्यांनी ते २०१४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये प्रसिद्ध केले. त्या देशात १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक असतो. तो क्रमांक धरून संशोधकांनी सुमारे पंधरा वर्षांतल्या ६२ लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एका निदानानंतर दुसरे निदान अपेक्षेपेक्षा जास्त वेळा येते का, आणि येत असेल तर कोणत्या क्रमाने येते, हे पाहत त्यांनी निदानांच्या १,१७१ साखळ्या शोधून काढल्या. एकट्यादुकट्या आजाराऐवजी आजारांची वाटचाल पाहावी, ही दृष्टी त्यातून मिळाली. ते काम आम्हाला मोलाचे वाटते.

तरीही ते वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. एक, ती नोंदवही रुग्णालयांची आहे. तिथल्या कुटुंबवैद्याने दवाखान्यात केलेली निदाने त्या वहीत येत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, साखळीतली तारीख आजार झाल्याची नसते, आजार नोंदला गेल्याची असते. मधुमेह वर्षानुवर्षे नकळत अंगात असतो आणि एखाद्या दिवशी रक्त तपासल्यावर 'सुरू' होतो. म्हणजे ही शरीराची वाटचाल आहेच, पण ती रुग्ण आणि रुग्णालय यांच्या भेटींचीही वाटचाल आहे. डेन्मार्कमध्ये या दोहोंतले अंतर तुलनेने थोडे असेल, कारण तिथे रुग्णालय सरकारी, उपचार बहुतांशी मोफत आणि क्रमांक एकच. तीच पद्धत उचलून बीडला आणली तर काय होईल?

बीडची आकडेवारी

बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार मोठे आहे, हे वृत्त एप्रिल २०१९ मध्ये देशभर गाजले. त्याच वर्षी जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत माहिती दिली की, २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के, म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशभरचे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन पाहण्यांतले वयोगट तंतोतंत एक नसल्याने नुसता भागाकार करून 'पाचपट' म्हणणे घाईचे होईल. पण फरक डोळ्यांआड करण्याजोगा नाही, हेही तितकेच खरे.

आणखी एक बारकावा आहे. ४,६०५ हा आकडा रुग्णालयांच्या नोंदींतून आलेला, तीन वर्षांपुरता आणि जिल्ह्यातल्या सर्व स्त्रियांचा. १३,८६१ हा आकडा स्त्रियांना विचारून मिळालेला, आयुष्यभरातल्या शस्त्रक्रियांचा आणि फक्त ऊसतोड स्त्रियांचा. दोहोंची वजाबाकी करता येत नाही. पण दुसरा आकडा मिळवण्यासाठी कोणाला तरी प्रत्यक्ष स्त्रियांकडे जावे लागले, ही गोष्ट विसरू नये. नुसत्या रुग्णालयांच्या कागदांतून ती संख्या कळली नसती.

या शस्त्रक्रियांमागची परिस्थितीही तेव्हा पुढे आली. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कामाचा दिवस बुडाला तर तो 'खाडा' आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या त्रासाचे दिवस, बाळंतपणानंतरचे दिवस, अंगावर पांढरे जाण्याचा त्रास, हे सगळे खाड्यांत मोजले जाते. त्यातच 'पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल' अशी भीती घातली गेल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले. पांढरे जाण्यामागे पुष्कळदा औषधांनी बरा होणारा जंतुसंसर्ग असतो. गर्भाशय मात्र एकदा काढले की परत बसवता येत नाही. शिवाय तरुण वयात, विशेषतः बीजांडकोशही काढले गेले असतील तर, हाडे ठिसूळ होण्यासारखे त्रास पुढे मागे लागतात.

घडलेले आणि केलेले

आता आमचा मुख्य आक्षेप. समजा, २०१९ पूर्वीच्या बीडच्या खासगी रुग्णालयांतल्या सगळ्या नोंदी संगणकात भरल्या आणि त्याला शिकवले की, नवी रुग्ण आली की तिच्याशी सर्वाधिक साम्य असलेल्या दहा जणी शोध आणि त्यांचे पुढे काय झाले ते सांग. दिंद्रुडची तीस वर्षांची, दोन बाळंतपणे व नसबंदी झालेली, पांढरे जाण्याची तक्रार असलेली स्त्री त्याच्यापुढे आली. संगणकाने दहा जणी शोधल्या. समजा, त्यांतल्या सात जणींच्या मालिकेचा शेवट 'ग' असा आहे. संगणक बिनदिक्कत सांगेल, 'हिच्यासारख्या दहांपैकी सात जणींचे गर्भाशय काढले आहे.' हे वाक्य वस्तुस्थिती म्हणून खरे आहे. सल्ला म्हणून ते घातक आहे.

स्टॅनफर्डच्या मुलीच्या बाबतीत हीच पद्धत उपयोगी ठरली आणि इथे घातक का? कारण तिथे मोजलेला शेवट म्हणजे रक्ताची गुठळी. ती शरीरात *घडते*, कोणी ठरवून करत नाही. इथला शेवट म्हणजे शस्त्रक्रिया. ती कोणीतरी *केलेली* असते. तिच्यामागे डॉक्टरचा निर्णय, रुग्णालयाचे उत्पन्न, मुकादमाची उचल, खाड्याची भीती असे बरेच काही असते. गुठळ्यांची मोजणी निसर्गाविषयी काही सांगते. शस्त्रक्रियांची मोजणी प्रथेविषयी सांगते. संगणकाला दोन्ही सारखीच अक्षरे. मग कालची प्रथा आज सल्ल्याचे रूप घेते, त्या सल्ल्यावरून नव्या शस्त्रक्रिया होतात, त्यांच्या नोंदी पुन्हा संगणकात जातात आणि उद्याचा सल्ला आणखी ठाम होतो.

शेवटी 'ग' न धरता शस्त्रक्रियेनंतर पाच किंवा दहा वर्षांनी ती स्त्री कशी आहे, हे धरले असते तर? तिची कंबरदुखी, तिची हाडे, तिची काम करण्याची ताकद, तिचे कर्ज? मग प्रश्नच बदलला असता. पण त्या नोंदी कोणाकडेच नाहीत. रुग्णालयाच्या वहीत ती घरी गेली त्या दिवशी तिचा इतिहास संपला.

कोऱ्या जागेचा अर्थ

दुसरा आक्षेप खाड्यांचाच आहे, पण कागदावरच्या. ऊसतोड स्त्री वर्षाचे पाच-सहा महिने गावाबाहेर असते. कारखान्याजवळच्या डॉक्टरकडून घेतलेले इंजेक्शन, दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, कोपीत झालेले बाळंतपण, यांतले गावाकडच्या कागदावर काही येत नाही. तिथे कोरी जागा असते. संगणकाला शिकवले नाही तर तो कोऱ्या जागेचा अर्थ 'काही झाले नाही' असाच घेतो.

कोरा कागद आणि निरोगी शरीर यांत किती अंतर असू शकते, हे महाराष्ट्रातल्याच एका अभ्यासाने जगाला दाखवले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी केली. १९८९ मध्ये द लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. त्याआधी कधीतरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे या अभ्यासापूर्वी कोणी त्या स्त्रियांच्या इतिहासांतले साम्य मोजायला बसला असता, तर बहुतेकींच्या तपासणीचे कागद त्याला कोरेच मिळाले असते. गंमत म्हणजे झाकारच्या सूत्रात दोन कोऱ्या याद्या घातल्या तर उत्तर येते ०/०. ते गणितात अनिश्चित आहे. संगणकाला काहीतरी उत्तर द्यायचे असते म्हणून कोणी ते १ धरतो, कोणी ०. म्हणजे या स्त्रिया अगदी सारख्या की अगदी वेगळ्या, हे एका संकेताने ठरणार! खरे उत्तर 'माहीत नाही' हेच आहे आणि ते लिहिण्याची सोय पद्धतीत असली पाहिजे.

बंग यांच्या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, ज्या डॉक्टरकडे आल्या त्यांच्याच नोंदी घेतल्या, असे त्यांनी केले नाही. तक्रार असो वा नसो, गावातल्या स्त्रियांना बोलावून एकाच रीतीने तपासले. ऊसतोड कुटुंबांची फडावर जाण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर एकदा अशी तपासणी एकाच पद्धतीने, दरवर्षी झाली, तर प्रत्येक इतिहासात निदान दोन पक्के बिंदू मिळतील. संगणकाची करामत त्यानंतरची.

पट्टी उलटी धरली तर

इतके आक्षेप घेतल्यावर ही पद्धत टाकून द्यावी, असे आम्हाला म्हणायचे आहे का? मुळीच नाही. तिचा उत्तम उपयोग आहे, फक्त तोंड फिरवायला हवे.

जे. अ‍ॅलिसन ग्लोव्हर या इंग्रज डॉक्टरांनी १९३८ मध्ये शाळकरी मुलांच्या टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास केला. शेजारशेजारच्या भागांत, एकसारख्या मुलांमध्ये शस्त्रक्रियांचे प्रमाण कितीतरी पटींनी कमीजास्त होते. हॉर्न्सी नावाच्या गावात तर शाळा-वैद्यकीय अधिकारी बदलल्यावर १९२९ मध्ये शस्त्रक्रिया एकदम एक-दशांशाहूनही कमी झाल्या. मुले तीच होती, बदलला होता निर्णय घेणारा. पुढे अमेरिकेत जॉन वेनबर्ग यांनी अशीच तुलना गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची केली. मेन या राज्यात एका रुग्णालयाच्या परिसरात वयाच्या सत्तरीपर्यंत २० टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असे, तर दुसऱ्याच्या परिसरात ७० टक्के. म्हणजे हा प्रश्न केवळ गरीब मुलखाचा नाही. मात्र गरिबीत त्याची झळ जास्त बसते.

तेव्हा साम्याची पट्टी अशी धरावी. शस्त्रक्रियेपूर्वीचे इतिहास ज्यांचे सारखे आहेत, अशा स्त्रिया निवडाव्यात आणि त्यांचे पुढचे उपचार रुग्णालयागणिक, तालुक्यागणिक किती बदलतात ते पाहावे. एका ठिकाणी 'प' नंतर 'त' आणि 'औ' येतात आणि दुसऱ्या ठिकाणी थेट 'ग' येतो, हे दिसले की प्रश्न स्त्रीच्या शरीराला न विचारता रुग्णालयाला विचारला जाईल. बीडमध्ये २०१९ च्या गवगव्यानंतर अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घातली गेली. परवानगी देणाऱ्याच्या हाती अशी तुलना असेल तर ती अट नुसत्या सही-शिक्क्यापुरती राहणार नाही. रुग्णावर लावलेली पट्टी सल्ला देऊ पाहते, रुग्णालयावर लावलेली पट्टी जाब विचारते. पट्टी एकच आहे, ती कोणावर लावायची हे आपण ठरवतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

शेवटी शिक्षकांसाठी एक छोटा प्रयोग. वर्गातल्या मुलांचे खरे आजार यात आणू नयेत. घरच्या गोष्टी फळ्यावर आणणे बरे नव्हे. त्याऐवजी पाच काल्पनिक मुलांच्या वर्षभराच्या हजेरीच्या ओळी तयार कराव्यात. 'ह' हजर, 'ग' गैरहजर, असे बारा महिन्यांचे बारा रकाने पुरेत. एक मूल फडावर गेलेले, एक आजारी, एक मामाच्या गावच्या शाळेत बसलेले, एकाची हजेरी मास्तरांकडूनच लिहायची राहिलेली आणि एक वर्षभर हजर. कारणे आधी मुलांना सांगू नयेत. लेव्हेन्श्टाइनच्या पट्टीने प्रत्येक जोडीतले अंतर काढायला लावावे. पाच मुलांच्या दहाच जोड्या होतात. सर्वांत 'सारखी' जोडी कोणती ते मुलांनी ठरवले की मग कारणांच्या चिठ्ठ्या उघडाव्यात.

मग विचारावे : अंतर बदलले का? बदलले नसेल तर मत का बदलले? दोघांना सारखे ठरवण्यापूर्वी आणखी काय विचारायला हवे होते? दिंद्रुडच्या वर्गात एखादे मूल नक्की म्हणेल, 'सर, तो गैरहजर नव्हता, फडावर होता.' या एका वाक्यात जे आहे, ते अजून कोणत्याही सूत्रात आपोआप येत नाही. ते कोणीतरी विचारून, लिहून ठेवावे लागते.